चिमूटभर पीठ

उरवड्याच्या कारखान्यातली लागलेली नोकरी सोडून मी गावात पिठाची गिरणी टाकली, तेव्हा वडील म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागलास." गावात वीज नुकतीच आली होती. बायका तोवर दळण डोक्यावर घेऊन दोन कोस चालत पौडला जायच्या.

धंदा शिकवला तो पौडच्याच गिरणीवाल्या चाचांनी. वर्षभर त्यांच्या हाताखाली राबलो. त्यांना दात मोजकेच उरले होते, आणि बोलणं त्याहून मोजकं. मी गिरणी टाकली तर त्यांचंच गिऱ्हाईक तुटणार होतं. तसं म्हणालो, तर म्हणाले, "तुटू दे. बायांच्या टाचा तरी वाचतील."

निघताना मी विचारलं, "चाचा, गिरणी चांगली चालली हे वळखायचं कसं?"

"डबं मोजू नगंस. बाई पीठ चाखल्याबिगर डबा उचलती का, तेवडं बघ."

मी हो म्हणालो आणि पहिल्या दिवसापासून डबेच मोजत बसलो. दारात रांग लागली की छाती फुगायची.

दळून दळून दगड गुळगुळीत होतात, मग छिन्नीने ठोकून त्यांना टाकी लावावी लागते. टाकी लावली की दगडाची कच सुटते. म्हणून चाचांकडे रीत होती: आधी दोन पायली भरड दाणा दळून फेकायचा, मग घरचं दळण दळायचं. त्याची भाकरी गिरणीवाल्याने स्वतः खायची, आणि मगच गिऱ्हाइकाच्या दाण्याला हात लावायचा.

लग्नसराई होती. सकाळीच टाकी लावली होती आणि शेजारच्या आळीतल्या लग्नघरचे गहू आले. नवरीची आई दारात उभी. "हळदीच्या जेवणाला पोळ्या हायेत, लवकर द्या." एवढ्याने काय होतंय, असं म्हणून मी दोन मुठी कोंडा फिरवला आणि गहू ओतले.

संध्याकाळी त्या पंगतीत मीही होतो. पहिली कचकच माझ्याच दाताखाली आली. घास गिळवेना, थुंकवेना. समोर नवऱ्याचा बाप तोंडातून बोटाने काहीतरी काढून पत्रावळीच्या कडेला ठेवत होता. नवरीची आई वाढायला आली, माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून दारात कुत्रं फिरकेना. बायका डबे डोक्यावर घेऊन माझ्याच दारावरून पौडला जायला लागल्या. मी उंबऱ्यात बसायचो. कुणी मान वळवायचं नाही. ऊन तापलं, मग पाऊस आला, तरी त्या इरली घेऊन चालतच होत्या. वीज होती, मोटर होती, आणि माझ्या हातांना काम नव्हतं. कारखान्यात माझ्या जागी दुसरा लागला होता. मी संपलो आहे, हे मला मनोमन पटलं होतं. ओढ्याला पूर आला की त्याच्याकडे नको इतका वेळ बघत उभा राहायचो.

एक दिवस चाचा आपली गिरणी बंद ठेवून चिखल तुडवत आले. "भूक लागलीया," म्हणाले. बायको उठली, घरचं पीठ घेतलं, चाळणीवर फडकं घातलं आणि चाळायला बसली. चाळणी रोजची होती, फडकं मी आजवर पाहिलं नव्हतं. माझ्याच गिरणीचं पीठ माझीच बायको इतके दिवस मला चोरून फडक्यातून गाळत होती. लाजेने मला रडू फुटलं.

चाचांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "दगड उघड," म्हणाले.

दिवसभर आम्ही दगड ठोकले. भरड दाणा दळला, फेकला. मग घरचे तांदूळ दळले. चाचांनी त्या भाकरीचा पहिला घास उरलेल्या दातांखाली धरून सावकाश चावला. "आता बायांना मीच धाडतू," एवढंच म्हणाले.

पहिली आली ती नवरीची आईच. दळण झाल्यावर तिने चिमूटभर पीठ तोंडात टाकलं, माझ्या डोळ्यांत बघत चावलं, आणि डबा उचलून गेली. हळूहळू बाकीच्याही आल्या. पुढं रांग इतकी वाढली की लोक मला शेठ म्हणायला लागले. पण ती बाई, प्रत्येक दळणाला, पुढची सात वर्षं, चिमूट तोंडात टाकल्याशिवाय गेली नाही. तेवढ्यापुरता मी दर वेळी नापास व्हायचो.

मग तिचे गुडघे गेले आणि सून दळण घेऊन आली. दळून झालं, तिने डबा तसाच डोक्यावर घेतला.

"चाखून बघ की," मी म्हणालो.

"कशाला? आत्याबाई म्हणाल्या, आता गरज न्हाई."

ती गेली. मी मोटर बंद केली आणि चाचांना सांगायला म्हणून पायात चपला घातल्या. उंबऱ्याशी आल्यावर आठवलं, चाचांना जाऊन वर्ष झालं होतं.