सुनीतीबाईंनी ठरवलेलं मध्यंतर

सदाशिव पेठेतल्या त्या चित्रपट मंडळात मध्यंतराशिवाय चित्रपट दाखवणं म्हणजे पाप. परदेशी दिग्दर्शकानं ते ठेवलं नसेल, पण चहा-बटाटेवड्यानं त्याचं काय घोडं मारलंय? चित्रपट निवडणाऱ्यानंच शेवटी उभं राहून बोलणी खायची, हाही तिथला रिवाज. आणि मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, की त्याला पुन्हा निवड नाही.

सुनीतीबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. वर्षानुवर्षं मागच्या रांगेत बसून एकदाची त्यांची पाळी आली आणि त्यांनी निवडली कमी पैशांत काढलेली एक ब्रिटिश सूडकथा. मुलाला चिरडून पळालेल्या माणसाला टॅक्सी चालवणारी आई शोधून काढते, एवढीच गोष्ट.

"बाई, कौटुंबिक काही मिळालं नाही का?" चिटणीस हिंमतरावांनी विचारलं.

"आईची गोष्ट आहे. आणखी किती कौटुंबिक हवं?"

धास्ती मात्र त्यांनाही होतीच. चित्रपटाचा मध्य नेमका रटाळ भागात येत होता. नायिका पावसात नुसती गाडी फिरवत राहते. तिथं दिवे लागले असते, तर मंडळी चहा पिऊन थेट घरी गेली असती. म्हणून बाई लॅपटॉपशेजारी ठाण मांडून बसल्या. ठरलेली वेळ झाली, हिंमतरावांनी खुणावलं, "वडे गार होतायत!" बाई ढिम्म.

पडद्यावर तो मारेकरीच टॅक्सीचं गिऱ्हाईक म्हणून नायिकेच्या दारात आला. तिनं त्याला स्वयंपाकघरात बसवलं, चहाचं आधण ठेवलं आणि सुऱ्यांच्या खणाला हात घातला. बाईंनी चित्रपट थांबवला.

"अहो, हे काय!" सभागृह ओरडलं.

मध्यंतर संपलं तेव्हा बाईंनी भीतभीतच मागं पाहिलं. लोक हातात कप घेऊन, वडे अर्धवट टाकून परतले होते. एकही खुर्ची रिकामी नव्हती. त्यांना इतका आनंद झाला की चित्रपट पुढं सुरू करायचं राहूनच गेलं. कुणीतरी आठवण करून दिली.

शेवटी त्या उभ्या राहिल्या आणि टीकाकारांच्या आधी स्वतःच सुरुवात केली. "पोलीस औषधालाही नाहीत. रक्त म्हणजे सरळसरळ टोमॅटो सॉस. एकच लाल गाडी तीन माणसं वापरतात. मधे तर झोप येते." सभागृहाची हवाच गेली.

"पण त्या बाईचा चेहरा बघा. पैसे असते तर पाठलाग आणि स्फोट दाखवले असते. नव्हते, म्हणून कॅमेरा तिच्यापाशीच थांबला. ती नुसते कप विसळते आणि आपला जीव टांगणीला लागतो."

"एवढे दोष ठाऊक होते, तर दाखवलात कशाला?" हिंमतराव म्हणाले.

"तुम्ही उठून गेलात का?"

हशा आणि टाळ्या एकदमच आल्या. त्या ओसरायच्या आत पहिल्या रांगेतून प्रश्न आला, "बाई, तुमच्या पुढच्या पाळीला काय?"

"आणखी एक सूड," सुनीतीबाई म्हणाल्या.