जिवाणूंचा उघडा डीएनए

बारावीतल्या लेकीच्या पेपरावरची लाल फुली पाहून माझं टाळकं सरकलं. तिनं लिहिलं होतं, जिवाणूंचा डीएनए उघडा नसतो. प्रथिनं त्याला वाकवून, दुमडून एवढ्याशा पेशीत बसवतात. आर्किया नावाच्या वेगळ्या कुळातल्या सूक्ष्मजीवांपैकी कित्येकांत तर तो आपल्यासारखाच हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. आणि गुण शून्य!

मी मानवत गावात वीस वर्षं जीवशास्त्र शिकवतोय. खरं सांगायचं तर हे मलाही त्याच सकाळी, तिनं नवं पुस्तक दाखवल्यावर कळलं. पण संताप असा, जणू जन्मापासून ठाऊक होतं.

"पप्पा, भांडू नका," ती म्हणत राहिली. मी तिला एसटीत घालून परभणीचं तिचं कॉलेज गाठलं आणि तिच्या मॅडमच्या टेबलावर पेपर आपटला.

"जिवाणूंच्या डीएनएला प्रथिनं नसतात, हे कोण्या गाढवानं शिकवलं तुमाला?"

मॅडम लाजून उभ्या राहिल्या. "सर, ओळखलं न्हाई का? मी तुमचीच विद्यार्थिनी." कपाटातून त्यांनी जपलेली शाळेतली वही काढली. तीत लिहिलं होतं, "उघडा डीएनए, प्रथिने नसतात. पाठ करा." खाली माझी सही, वर 'छान'.

मॅडमनी गुण दिले. मी त्यांचाच लाल पेन घेऊन वहीतल्या त्या ओळीवर कागद फाटेस्तोवर फुली मारली.

स्टँडवर लेकीनं विचारलं, "पप्पा, वीस वर्षांच्या बाकीच्या वह्यांचं काय?"

मी तिच्यावरच खेकसलो. "गप, एसटी आली बघ!"