सतरा नंबरचं बीळ

सोमोएच्या मागे मी वीस वर्षं हात धुऊन लागले होते. भांडण असं काही नव्हतं. तिची ऑक्टोपसची बिळं कुठे आहेत, एवढंच मला हवं होतं. उधाणाच्या ओहोटीला खडप उघडं पडलं की आम्ही मचेंगानी गावच्या बायका अंगाला गुंडाळलेला कांगा कमरेला खोचून, सळया घेऊन निघायचो. परतताना माझ्याकडे दोन पिटुकले असायचे, आणि तिच्याकडे पाच-सहा जाडजूड. "नशीब गं, रेहेमा," म्हणायची. नशीब कसलं डोंबलाचं!

ऑक्टोपस खेकडे खातो आणि कवचं दारातच टाकतो. त्यावरून बीळ ओळखायचं. एक पकडला की पुढच्या उधाणापर्यंत त्याच बिळात दुसरा येऊन बसतो, फक्त दगड फुटता कामा नये. म्हणून बीळ म्हणजे दारातलं नारळाचं झाड. आई लेकीला दाखवते, बाकी कुणाला नाही. सोमोएला सगळी आईकडून मिळालेली. नवरा दुसरीबरोबर मत्वारा शहरात गेला तो गेलाच. त्यानंतर घरावरचे पत्रे आणि दोन मुलींची लग्नं, सगळं या बिळांवरच झालं. ती ऑक्टोपस काढायची आणि मग तळहातानं दारातली कवचं झाडून लांब भिरकावायची. तशा आम्ही सगळ्याच झाडायचो, पण तिच्याइतकं चोख कुणी नाही. पाठोपाठ मी पोचले तर खडक अंगणासारखा लख्ख. ताकास तूर लागू द्यायची नाही बया.

मग जेटी आली. बोटींसाठी समुद्राचा तळ खोल करणार, म्हणजे उपसलेला गाळ कुठेतरी टाकावा लागणार. कुठे टाकला तर कमी नुकसान होईल ते तपासायला दारेसलामहून निएमा नावाची मुलगी आली. तिचं कामच ते. लोखंडी चौकट खडकावर ठेवायची आणि आत काय काय जिवंत आहे ते मोजून लिहायचं. ऑक्टोपस मोजायची रीत तिचीही तीच, बिळाच्या तोंडाशी पडलेली कवचं बघायची. वाट दाखवायला तिनं सोमोएला घेतलं.

तीन दिवस सोमोएनं तिला उजाड बाजूनं फिरवलं. बिळांवरून जावं लागलं तिथे कवचं आधीच झाडलेली. संध्याकाळी विहिरीवर ती मला म्हणाली, "माझ्या सगळ्यांत भरवशाच्या बिळावर उभी राहून पोरीनं चौकट टाकली आणि शून्य लिहिलं." वीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी एकत्र हसलो, पोट दुखेस्तोवर. शहरातली शिकलेली पोरगी, आणि कशी फसली!

महिन्याभरानं निएमानं शाळेच्या ओसरीवर गावाला बोलावून अहवाल वाचून दाखवला. नकाशावर आमच्या खडपावर लाल रेघा मारलेल्या. सगळ्या खडपावर मिळून सात बिळं, जीव तुरळक, गाळ इथे टाकल्यास नुकसान सर्वांत कमी. आम्ही बायका उसळलोच. इथे ढिगानं ऑक्टोपस आहेत, डोळे फुटले होते का, असं बरंच काही बोललो.

निएमा शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मला दिसलं ते मी लिहिलं. आहेत म्हणता, तर दाखवा. अहवाल बारा दिवसांनी जाणार आहे. त्याआधी एक उधाण आहे."

दाखवायची म्हणजे शेजारणीच्या देखत दाखवायची. माझी नऊ बिळं होती, मीही मान खाली घालून पायाची बोटं बघत बसले. गाळ आला तर सगळ्यांचंच जाणार, हे कळत होतं. तरी पहिली कोण, यावर अडलं होतं.

सोमोए उठली. "उधाणाला ये," ती निएमाला म्हणाली. "चूक माझी आहे. मीच तुला उजाड बाजूनं नेलं."

निएमा रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "सोमोएबाई, खुणेचे बिल्ले किती आणू?"

"माझे एकतीस."

आमचा अंदाज पंधराचा होता. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला बोलू.

उधाणाच्या सकाळी सगळ्या बायका तिच्या मागून निघाल्या, सगळ्यांत पुढे मी. खडप वाचवायला नव्हे, तिची बिळं बघायला. ती प्रत्येक बिळाशी बसायची, सळई हलकेच आत सारून आत जागा आहे हे दाखवायची, आणि निएमा शेजारी नंबर घातलेला पिवळा बिल्ला ठोकायची. सतराव्याशी सोमोए जरा जास्त वेळ बसली. दोन सपाट दगडांमधली फट. पायात काटा गेला होता तेव्हा त्याच दगडावर मी बूड टेकलं होतं! "आईनं मला पहिलं दाखवलं ते हे," ती म्हणाली. एकतिसावं झाल्यावर उभी राहून माझ्याकडे वळली. "रेहेमा, आता तुझी."

माझी नऊ दाखवली. मग एकेकीनं दाखवायला सुरुवात केली. दोन सकाळींत दोनशे चौदा झाली. निएमानं नकाशा बदलला. आता गाळ खडपाच्या पार बाहेर, खोल पाण्यात जातो. गाळ वाहणाऱ्या बार्जला दोन तास जास्त लागतात म्हणून जेटीवाले कुरकुरतात. दर तीन महिन्यांनी निएमा येऊन बिळं मोजून जाते.

पण मला सांगायचंय ते पुढच्या उधाणाचं. मी सगळ्यांच्या आधी निघाले आणि तडक सतरा नंबरवर गेले. तीन किलोचा निघाला. तो अजून हाताला वेटोळे घालत होता तोच सोमोए समोर. मला वाटलं, आता माझ्या सात पिढ्या काढणार. काढल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सळई डावीकडून घालत जा," ती म्हणाली. "उजवी बाजू कच्ची आहे, दगड फुटेल."

मग सवयीनं खाली वाकली आणि दारातली कवचं तळहातानं गोळा केली. भिरकावायला हात उचलला आणि तसाच थांबला. मग गुडघ्यावर बसून एकेक कवच तिनं परत बिळाच्या तोंडाशी ठेवलं.

"राहू देत," ती म्हणाली. "पोरगी मोजायला येईल तेव्हा दिसायला हवीत."

आणि सळई उचलून पुढे गेली. मला लाज वाटली, फार वाटली. ऑक्टोपस मात्र मी परत दिला नाही.