हरवलेल्या पोराची अनाउन्समेंट

मारामारी थांबवणं ही एकच कला मला नीट येते, आणि त्याच कलेनं मी माझ्या मुलीचं गाणं बंद पाडलं.

औरंगपुऱ्यात माझी साउंड सर्व्हिस आहे. लग्न, उरूस, सत्कार, गणपती, कशालाही स्पीकर लावतो. वरातीत हाणामारी जुंपली की "भांडू नका हो" म्हणून कुणी ऐकत नाही (उलट जोर चढतो!). त्यावर माझ्या उस्तादांची युक्ती अशी: आवाज एकदम तोडायचा, सगळे हॅलोजन पेटवायचे आणि माइकवर शांतपणे सांगायचं, "पिवळा शर्ट घातलेला एक लहान मुलगा हरवला आहे. दिसेल त्यानं त्याला ताबडतोब आईकडं, स्टेजजवळ आणावं." उगारलेला हात हवेतच राहतो. हाणणारा आणि मार खाणारा दोघंही खाली वाकून पोरगं शोधायला लागतात. मुलगा कुठंच नसतो, हे वेगळं सांगायला नको.

माझ्या मुलीचं नाव मधुरा. नाव तिच्या आईनं, नलूनं, ठेवलेलं. नलू गेली आणि आम्हा बापलेकीचं बोलणं "जेवलात?" "हो." "गॅस बंद केला?" "हो." एवढ्यावर आलं. वर्षभर तेवढंच. मग एकदा ती म्हणाली,

"पप्पा, रविवारी दुपारी गोडाऊन पाहिजे. आमच्या बँडचा शो आहे. हार्डकोर पंक."

"म्हणजे भजनासारखं का काही?"

"ओरडायचं असतं, पप्पा."

"आणि गाणं केवढं?"

"मिनिटभर. कधी त्याहून कमी."

"तेवढ्यात तर आमचं हॅलो चेक, हॅलो चेक पण होत नाय!"

ती हसली. लई दिवसांनी हसली. त्या भरात मी गोडाऊन दिलं, स्पीकर दिले, आणि मिक्सरवर मीच बसणार म्हणून जाहीर केलं.

"बसा. पण एको लावू नका."

"नाय लावत."

(लावला. थोडासाच. एकोशिवाय माणसाचा आवाज मला उघडाबोडका वाटतो.)

बँडचं नाव भारनियमन. ज्याचं पोट विजेवर, त्याच्या पोरीनं ठेवायचं नाव आहे का हे! रविवारी गोडाऊनमध्ये, मंडपाच्या गुंडाळलेल्या कापडांच्या आणि नवरा-नवरीच्या खुर्च्यांच्या मधोमध, काळे टी-शर्ट घातलेली पोरं दाटीवाटीनं उभी राहिली. एकाच्या नाकात कडी, हातात साखळी. आल्या आल्या तो माझ्या पाया पडला, साखळीसकट!

शेवटचं गाणं सुरू झालं. आमच्याच गल्लीतल्या अमेरनं ड्रम बडवायला घेतला, तेव्हा पत्र्यावर कुणी गिट्टीचा ट्रक रिकामा करतंय असं वाटलं. मधुरा ओरडत होती. गळ्याच्या शिरा ताठ, डोळे मिटलेले. शब्द मला एक कळला नाही. तेवढ्यात समोरची पोरं एकमेकांना धडका द्यायला लागली. कोपरं, खांदे, लाथा! एकजण आडवा झाला. (हे त्यांचं नाचणं असतं. पडलेल्याला चारजण लगेच उचलतात. मला हे दुसऱ्या दिवशी समजलं.)

मी विचार केला नाही. माझ्या हातांनीच केलं सगळं. आवाज बंद, हॅलोजन चालू.

"पिवळा शर्ट घातलेला एक लहान मुलगा हरवला आहे. दिसेल त्यानं त्याला ताबडतोब आईकडं, स्टेजजवळ आणावं... आणावं... आणावं..."

गोडाऊन चिडीचूप. आणि मग ती सगळी भयंकर दिसणारी पोरं मोबाइलच्या बॅटऱ्या लावून शोधायला लागली! कापडांखाली, स्पीकरमागं. नाकात कडीवाला तर नवरीच्या खुर्चीखाली पालथा पडला. "बाळा, ये बाहेर. घाबरू नको, कुणी मारत नाय." मग माझ्याकडं वळून, "चाचा, यहाँ तो नहीं है!"

मधुरा शोधत नव्हती. तिला ती युक्ती ठाऊक होती. लहानपणी मी घरी येऊन तिची गोष्ट रंगवून सांगायचो, आणि मायलेकी पोट धरून हसायच्या.

अमेर मिक्सरपाशी आला. हळूच म्हणाला, "चाचा, ये गाना पूरा होने देना था. आंटीवरचं होतं."

"काय शब्द होते रे?"

"फोन उचला, पप्पा. बस, इत्ताच."

नलूच्या छातीत कळ आली तेव्हा मी गंगापूरला एका लग्नात माझ्याच स्पीकरशेजारी उभा होतो. मधुरा घरून फोन लावत होती, तो खिशात थरथरत होता. मला वाटलं, बेसचा हादरा आहे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मधुरानंही कधी विचारलं नाही. विचारलं ते असं, आणि ते मीच तोडलं.

मी तिच्यासमोर गेलो. "मला... बेस वाटला गं," म्हटलं. पोरं बघत होती, तरी उरलेलं सगळं सांगितलं. मधेच चष्मा काढावा लागला.

तिनं माइक तोंडापाशी धरला.

"अमेर, माइक चालू कर." खट्. "एक मुलगा सापडला आहे. वय चोपन्न. अंगात चॉकलेटी सफारी. पोरगं रडतंय. त्याला न्यायला आई येणार नाही. तेव्हा मीच घेऊन जाते. गाणं झाल्यावर."

पोरं हसली. मीही हसलो असेन. मग अमेरनं ड्रमवर परत जाऊन काड्या आपटल्या आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

या वेळी शब्द अन् शब्द कळला. कळणारच! ती एकदा ओरडायची आणि स्पीकर तीन तीनदा सांगायचा. फोन उचला... उचला... उचला... एको लावू नका, असं ती मला आधीच म्हणाली होती. पण पोरीची हाक मी वेळेवर कधी ऐकलीय!