आधी फेडलेलं उसनं

"ऑपरेशन झालं की सहा आठवडे काही उचलायचं नाही," डॉक्टर म्हणाला. "पाण्याने भरलेला तांब्या चालेल. त्याच्या वर काही नाही."

पैलवान हसली. हसली तसं बेंबीजवळचं लिंबाएवढं टेंगूळ पुढे आलं. डॉक्टरने ते बोटांनी हळूच आत दाबलं.

"हसताय काय बाई?"

"सहा आठवडे काही उचललं नाही, तर मला ओळखणार कोण?"

खरंच होतं ते. तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त हजेरीच्या कार्डावर उरलं होतं. बाकी सगळा धुलाईखाना तिला पैलवान म्हणायचा. तिथे गावभरच्या हॉस्पिटलांच्या चादरी धुवायला येत. ओली बाजू आणि कोरडी बाजू, असे दोन भाग, आणि बायकांच्या पाळ्या दोन्हीकडे आलटून पालटून. कोरड्या बाजूला इस्त्रीचे रोलर आणि घड्या, तिथे फार तर हात भाजतात. ओल्या बाजूला अंगच जातं. मशीनचं दार उघडलं की चादरी एकमेकींना पीळ घालून बसलेल्या असतात. एक ओढावी तर चाळीस येतात. ते पाणी प्यायलेलं गाठोडं दोघी बायका कण्हत कण्हत ट्रॉलीत टाकतात. पैलवान एकटी टाकायची आणि वर विचारायची, "पुढे?"

त्या 'पुढे'नेच पोटाला भोक पाडलं होतं. डॉक्टरने समजावलं होतं की पोटाची भिंत फाटली आहे, आतडं बाहेर डोकावतंय, जाळी बसवावी लागेल. "लवकर करा. टेंगूळ दाबून आत जातंय तोवर ठीक. ज्या दिवशी आत जाणार नाही, कडक होईल, उलट्या होतील, त्या दिवशी हातातलं टाकून इथे या. नाहीतर जिवावर बेतेल."

लवकर करा म्हणणं सोपं असतं. तिच्या घरी खाटेवर सासू होती, अर्धं अंग लुळं आणि जीभ मात्र शंभर टक्के शाबूत. नवरा गेल्यापासून दोघीच. सकाळ-संध्याकाळ सासूला काखेत हात घालून उचलायची, संडासात बसवायची, परत आणायची.

"सहा आठवडे?" सासू म्हणाली. "मग मी काय हवेत तरंगत जाऊ?"

"वन्संना विचारलंय, आई. पोरांना शाळेची सुट्टी लागली की येतात म्हणाल्या."

"ती येणार म्हणजे मला उचलण्याआधी घर झाडायला काढणार. त्यापेक्षा तू मर आणि मला बरोबर घेऊन जा."

"तुम्हाला वर कोण घेतंय?"

सासू खुदकन हसली. मग तोंड भिंतीकडे करून म्हणाली, "लवकर कर गं. चेहरा बघ तुझा, धुतलेल्या फडक्यासारखा झालाय."

पण नणंद शाळेला सुट्टी लागेपर्यंत येणार नव्हती. म्हणून ऑपरेशन ती येईपर्यंत लांबलं. आता रजेचं तेवढं राहिलं.

"सहा आठवडे!" मुकादम खुर्चीतून अर्धा उठला. "बाई, मला माझ्या लग्नाला दोन दिवस मिळाले होते!"

"म्हणूनच वहिनी अजून फुगलेल्या आहेत."

मुकादमाला हसू आवरलं नाही. हसून झाल्यावर तो म्हणाला, "जा, कोण अडवतंय? पण ओली बाजू कोणासाठी थांबत नाही. तुझ्या जागी रोज कोणीतरी उभं राहील अशी सोय कर. केलीस तर जागा तुझी. नाही केलीस तर मला सांगायला येऊ नकोस."

"शब्द?"

"शब्द."

आता धुलाईखान्यातली एक रीत सांगायला हवी. ती कुठल्या नियमात लिहिलेली नाही. बायकांनी बायकांसाठी काढलेली आहे. तिला म्हणायचं 'उसनं'. माझं पोर तापलं, आज माझी ओल्या बाजूची पाळी तू कर. तुझी मी नंतर करीन. कधी कोणी बुडवलं नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं एकमेकींचं अंग उसनं घ्यायचं.

पैलवानने विचारलं तेव्हा सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "जा गं, आम्ही बघतो." इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ही बाई आयुष्यात कोणाचं आधी घेणारी नव्हती. हात वर ठेवायची सवय. घेणारा हात खाली असतो, आणि तिला ते घशाखाली उतरत नव्हतं.

"तसं नाही," ती म्हणाली. "आधी मी तुमच्या पाळ्या करते. मग तुम्ही माझ्या करा. घरी पडून राहीन ती माझ्या हक्काने पडेन."

ओल्या बाजूतून सुटका कोणाला नको असते? बायकांनी तिच्या पाठीवर थापा मारल्या आणि कोरड्या बाजूला पळाल्या. काय आजार, कसलं ऑपरेशन, कोणी खोदून विचारलं नाही. "बायकांचं दुखणं आहे," एवढंच तिने सांगितलं होतं. फाटलेल्या पोटाच्या बाईला कोणी गाठोडी उचलू दिली नसती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि पैलवानाचं पोट फाटलं हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

म्हणजे पाहा. उचलू नये म्हणून सुट्टी हवी, आणि सुट्टी मिळावी म्हणून दुप्पट उचलायचं. शहाणी माणसं म्हणतील, मूर्ख बाई. म्हणू देत. आजारपणाचा पगार आणि राखलेली खुर्ची ज्यांच्या बुडाखाली असते, त्यांना शहाणपण फुकट मिळतं.

तिने जुन्या चादरीची पट्टी फाडून पोटाला आवळली. पाळीच्या मध्ये संडासात जायची, कडी लावायची, भिंतीला टेकून श्वास सोडायची आणि अंगठ्याने टेंगूळ आत ढकलायची. गुळगुळ आवाज करत ते आत जायचं. मग पट्टी आणखी आवळायची. घरी येऊन सासूला उचलायची.

"थरथरतेस काय?" सासू विचारायची.

"तुम्ही जाड झालात."

"हाडं जाड होत नाहीत, बये."

एके दुपारी ते आत गेलं नाही.

तिने दोनदा ढकललं, तीनदा ढकललं. हाताला दगड लागला. कपाळावर घाम आला, तोंडात पाणी सुटलं. डॉक्टरचे शब्द तिला लख्ख आठवत होते. पण बाहेर मशीन थांबल्याची घंटा वाजली होती आणि नणंद यायला अजून पंधरवडा होता. तिने विचार केला, एवढी ट्रॉली होऊ दे.

गाठोडं अर्ध्यावर आलं आणि ती त्याच्यासकट खाली बसली. स्वच्छ धुतलेल्या चादरींवर भडाभडा ओकली.

ठेंगू धावत आली. त्या दिवशी कोरड्या बाजूला असलेली, पैलवानच्या खांद्याला लागणारी, तिची खरी मैत्रीण. तिने कपडा वर केला, पट्टी पाहिली, पट्टीवरून फुगून आलेलं ते निळसर काहीतरी पाहिलं.

"अगं, हे काय?"

"हर्निया."

"कधीपासून?"

"चादरी परत धुवायला टाक आधी."

"आग लागो चादरींना! तू हे घेऊन आमच्या पाळ्या करत होतीस? माझी पण?"

"तुझी काल झाली. आजची हिची होती." पैलवानने उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईकडे बोट दाखवलं. ती बाई तोंडावर हात घेऊन रडायला लागली.

ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता, तो कापावा लागला. पोट उभं चिरलं. डॉक्टर आता दटावून बोलत नव्हता, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली. "सहा आठवड्यांचं विसरा," तो म्हणाला. "तीन महिने. आणि ओलं काम पुन्हा कधीच नाही."

ठेंगू भेटायला आली ती खाटेच्या कडेला बसून नुसती चादरीचं टोक चुरगाळत राहिली. चादर त्यांच्याच धुलाईखान्यातली होती.

"बोल," पैलवान म्हणाली. "सासू?"

"सासूला आम्ही बघतोय. शिव्या देते, पण उचलू देते."

"मग तोंड का पाडलंस?"

"तुझ्या जागी रोज एक जण उभी राहिली, ठरल्यासारखी. मुकादमाने हाकलली. वरून नवी बाई आलीये, ठेकेदाराची. मी म्हटलं, मुकादम, तुम्ही शब्द दिला होता. तर म्हणतो, सहा आठवड्यांचा दिला होता, तीन महिन्यांचा नाही. आणि म्हणतो, तुमचं उसनंबिसनं कंपनीला कळत नाही."

बरोबर आहे, कंपनीला कळत नाही. पाळीला पाच मिनिटं उशीर झाला की कळतं. दोघींचं गाठोडं एक बाई उचलत होती, तेव्हा मात्र तिकडे कोणाला काही कळत नव्हतं.

"मी केलेल्या सगळ्या पाळ्या?" पैलवानने विचारलं.

ठेंगू चुरगाळलेलं टोक तळहाताने सरळ करायला लागली.

घरी आणलं तेव्हा दोन खाटा समोरासमोर लागल्या, एकीवर सासू आणि एकीवर सून. बायकांना उसनं कुठेतरी फेडायचंच होतं, तर त्या कामावर जाताना आणि येताना घरी येऊ लागल्या. नणंद आली तरी त्यांचं येणं थांबलं नाही. त्या दिवशी ठेंगूची पाळी होती.

"काखेत हात घाल, मानेत नको!" पैलवान खाटेवरून ओरडली. "गुडघे वाकव. अगं कमरेतून नको, तुझं पण फाटेल!"

"ही मला उचलतेय की माझ्या अंगावर चढतेय?" सासू किंचाळली.

तिघी हसल्या. पैलवानने टाके दाबून धरले आणि हसता हसता थांबली.

सासूला परत निजवून ठेंगू दमून जमिनीवर बसली. तेव्हा पैलवान हळूच म्हणाली, "मुकादमाला विचार ना. कोरड्या बाजूला. घड्या घालीन. बसून घालीन. पगार कमी दे म्हणावं."

"विचारलं गं."

"पुन्हा विचार."

"तीनदा विचारलं. काल म्हणाला, परत तिचं नाव काढलंस तर तुझ्या जागी पण ठेकेदाराची बाई आणीन."

पैलवानने मान हलवली. ठेंगूलाच समजवावं तशी हलवली. मग म्हणाली, "पाणी दे."

ठेंगूने तांब्या काठोकाठ भरून आणला आणि तिच्या तोंडाला लावणार, तोच पैलवानने हात पुढे केला. "मला दे. एवढं चालतं."

तिने तांब्या एका हातात धरला. दुसरा हात लावायच्या आधीच पाणी हिंदकळून छातीवर, चादरीवर सांडलं. समोरच्या खाटेवरून सासू पाहत होती. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच पैलवानने तिला न बोलता ते मिटताना पाहिलं.

ठेंगू चादर बदलायला उठली.

"राहू दे," पैलवान म्हणाली. "ओली आहे. जड होते."