समुद्रावर नेलेला कूलर

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांबार निवडत बसले होते. आम्हा वर्धेकरांचा सांबार म्हणजे कोथिंबीर. संध्याकाळी सांबारवड्या होणार होत्या आणि त्या खायला भाऊ पिपरी मेघेहून माझ्याकडे बोरगावला येणार होता. वड्या हे निमित्त, खरं काम यंदाच्या कोकणच्या तिकिटांचं. सकाळीच त्यानं फोनवर बजावलं होतं, "वड्या जास्त करजो कुंदे, तिकिटाचं मी पाह्यतो." दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. एवढा बोलका माणूस, आणि न सांगता गेला, याचा मला आधी रागच आला. निवडलेला सांबार ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला आणि निघाले…

आता होळीही होऊन गेली. राग निवला आहे आणि भाऊ आठवला की हसूच येतं. वसंता हा माझा थोरला भाऊ. देवळीत त्याचं कूलर-पंख्यांचं दुकान. आमच्याकडचं ऊन म्हणजे त्याची लक्ष्मी. धाकट्या मुलीचं लग्न पार पडलं आणि त्यानं ठरवलं, समुद्र पाहायचा. शालूवहिनीला गाडी लागते. वर्धा स्टेशन सुटायच्या आत तिला उलटी होते. म्हणून मग बहीण. कोकणातल्या एका गावी किनाऱ्यालगत वनखात्यानं उद्यान केलं होतं. सुरूचं बन, खारफुटीतून जाणारी लाकडी वाट आणि अगदी पुढे, समुद्राकडे तोंड करून एक बाक. त्या बाकावर बसून आम्ही घरच्या वड्या खाल्ल्या. डबा रिकामा झाला तरी भाऊ उठायला तयार नव्हता.

पुढच्या वर्षी गेलो तर भरतीचं पाणी बाकाच्या पायांशी खेळत होतं. त्याच्या पुढच्या वर्षी बाकच नव्हता. सुरूची पहिली रांग मुळं वर करून आडवी पडली होती. भाऊ तिथं उभा राहून म्हणाला, "कुंदे, आपण जिथं वड्या खाल्ल्या ना, तिथं आता मासोया बसून राह्यल्या." बोलला गमतीनं, पण त्या दिवशी डबा त्यानं उघडला नाही.

प्रज्ञाची ओळख त्याच खेपेची. ती गावातलीच मुलगी, उद्यानात कासवांच्या अंड्यांची राखण करायची. तिनं सगळं समजावून सांगितलं. समुद्र आत सरकतो आहे, वादळं भलत्या महिन्यात येतात, वाळूची पुळण दरवर्षी अरुंद होते. कासवीण येते ती जुन्याच जागी अंडी घालते आणि ती भरतीत वाहून जातात. म्हणून ती उचलून वरच्या अंगाला, जाळीच्या कुंपणात पुन्हा पुरायची. पण आता वाळूच इतकी तापते की काही अंडी आतल्या आत खराब होतात. जी वाचतात त्यांतून बहुतेक माद्याच निघतात, कारण गरम वाळूत नर होत नाहीत.

भाऊला तीन मुली. त्याबद्दल लोकांनी आयुष्यभर त्याची कीव केली आणि त्यानं लोकांची. तो खुशीत म्हणाला, "मंग काय बिघडलं? आमच्या घरी बी पोरीच हायेत."

"पण काका, जावई कुठून आणायचे?" प्रज्ञानं विचारलं.

भाऊ विचारात पडला. जावई शोधणं काय असतं ते त्यानं तीनदा भोगलं होतं.

वाळू तापते हे ऐकून कूलरवाला स्वस्थ कसा बसेल? मागच्या वर्षी वर्ध्याच्या फलाटावर पाहते तर भाऊच्या बाजूला एक छोटा कूलर, पोत्यात बांधलेला. वर नव्या कोऱ्या वाळ्याच्या ताट्या, ज्यांना आम्ही खस म्हणतो. गाडीभर लोकांनी विचारलं आणि गाडीभर लोकांना त्यानं खुशाल सांगितलं, "कासवासाठी चाललो." उतरल्या उतरल्या त्यानं तो आमच्या मुक्कामाच्या घरी पडवीत लावला आणि प्रज्ञासकट सगळ्यांना समोर बसवलं. वारा सुटला, वाळ्याचा वास सुटला आणि आम्ही सगळे घामानं निथळू लागलो. पंधरा मिनिटांनी प्रज्ञानं हळूच विचारलं, "काका, हा अजून थंड व्हायचाय का?"

ज्यानं जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं की पावसाळ्यात कूलर लावू नका, दमट हवेत चिकचिक होते, तो माणूस दमट हवेच्या आगरात कूलर घेऊन आला होता. भाऊच्या हे लक्षात आलं आणि तो इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. अंड्यांवर पाणी मारायला तर प्रज्ञानं सपशेल मनाई केली. वाळूवर सावली हवी, बस. आणि सावलीला तिच्याकडे झावळ्यांचा मांडव होताच. कोकणात सावली घेऊन येणारा बहुधा माझा भाऊ पहिलाच. पण कुंपणाच्या एका कोपऱ्यातल्या झावळ्या वाऱ्यानं उडाल्या होत्या. प्रज्ञा भल्या मनाची, तिनं तो कोपरा त्याला दिला. भाऊनं कूलरच्या ताट्या काढून तिथं बांबूवर बांधल्या. खालचं घरटं त्याच आठवड्यात फुटायचं होतं.

आणि ते फुटेना. बाकीच्या घरट्यांतली पिल्लं निघून समुद्रात गेली, भाऊच्या कोपऱ्यात मात्र पिल्लं अडवायला घरट्यावर पालथी घातलेली टोपली रोज सकाळी रिकामी. प्रज्ञा म्हणाली, कदाचित आधीच्या उन्हात गेली असतील, काका, मनाला लावून घेऊ नका. आमची परतीची गाडी सुटली तरी भाऊ हलला नाही, म्हणून मीही राहिले. इकडे ऐन सीझन. वहिनीचा फोन आला, "दुकानात लाइन लागून राह्यली, अन् तुमी तिकडं अंडे उबवता का?" भाऊ म्हणाला, "दोन दिवस दे मले." त्यानं वहिनीकडे काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीखाली खळबळ होती. मुठीत मावतील एवढी काळी पिल्लं, एकमेकांच्या अंगावरून चाललेली. सगळी निघाली नाहीत. पण निघाली ती पाण्याकडे अशी सुटली की भाऊ त्यांच्याबरोबर चड्डी भिजेपर्यंत आत गेला. "कुंदे, माह्या खसची पोरं हायेत ही," तो ओरडून सांगत होता आणि रडत होता. प्रज्ञानं झावळ्यांखाली जन्मलेल्यांचा विषयही काढला नाही. त्या सकाळी मी त्याला जितकं आनंदात पाहिलं तितकं एकाही लग्नात पाहिलं नव्हतं.

त्या ताट्या टाकून द्यायला व्यापाऱ्याचं मन होईना. हंगाम सरला तशा प्रज्ञानं त्या पार्सलनं पाठवल्या आणि भाऊनं झोपायच्या खोलीतल्या कूलरला लावल्या. कूलर सुरू केला की आधी वाळ्याचा वास आणि त्याच्या पाठोपाठ खारट, मासळीचा. माळकरी वहिनी नाकाला पदर लावून म्हणायची, "घराचा मच्छीबाजार करून ठेवला." तो डोळे मिटून पडून राहायचा.

परवा मी पिपरीला गेले तेव्हा शेख मिस्त्री कूलर उघडून बसला होता. भाऊच्या दुकानातला तो जुना माणूस. म्हणाला, "भाभी, हे ताट्या फेका आता. मिठानं पत्रा खाऊन टाकला. अजून एक सीझन लावल्या तं कूलर गेला समजा."

"खाऊ दे," वहिनी म्हणाली. "त्याच लाव."

मिस्त्री माझ्याकडे पाहू लागला. मी 'लाव' म्हणून मान हलवली. त्यानं ताट्या बसवल्या, पाणी भरलं, बटण दाबलं. भिजता भिजता वाळू टाकीत टपटपली आणि तो वास खोलीभर झाला… वहिनीनं कूलरसमोर दोन खुर्च्या ओढल्या. मी आणलेला वड्यांचा डबा मध्ये ठेवला. पदर मांडीवरच होता, नाकाला लावला नाही. आम्ही दोघी समोर बघत खात राहिलो.

शेवटची वडी माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "कुंदाबाई, ते उलटीची गोळी गाडीत बसायच्या किती आधी घ्या लागते?"