बियाण्याच्या दोन बाटल्या

तळेगावच्या आमच्या लॅबमध्ये औषधासाठी वनस्पतींच्या पेशी बाटल्यांत वाढवतात. त्या जुन्या बाटलीतून नव्या बाटलीत हलवायचं काम ज्या मावशी करतात, त्या कामावर बसल्या की तोंड उघडत नाहीत. बोललं की जंतू उडतात. सकाळी चहाचं विचारलं, तर उत्तर दीडच्या जेवणाच्या सुट्टीत मिळतं. ही शिस्त मी लावली, असं मी पाहुण्यांना सांगतो. खरं तर त्या खोलीत शिंकून वीस बाटल्या घालवल्या त्या मीच.

गेल्या महिन्यात मला पेशींसाठी नवं खाद्य सुचलं. अश्वगंधेच्या सगळ्या पेशी मी त्यावर हलवायला लावल्या. आठ दिवसांत त्या काळ्या पडल्या. चार वर्षं जपलेलं वाण गेलं.

त्या दिवशी सकाळी चहाचं विचारून झाल्यावर मी काचेवर टकटक करून ओरडलो, "मावशी, जुन्यातलं काही उरलंय का?"

त्यांनी नुसतं बघितलं. मी राजीनामा लिहायला बसलो. त्यातही दोन परिच्छेद माझ्या पदव्यांचेच झाले.

दीड वाजता मावशी बाहेर आल्या, मास्क काढला. "पयलं म्हंजी, चहा नको व्हता. दुसरं, दोन बाटल्या हायेत. समदं बियानं कुनी एकदम पेरतं व्हय, सायेब?"

कोपऱ्यातल्या कप्प्यात तसल्या जोड्यांची रांगच होती. तारखा वेगवेगळ्या, पण लेबलवरचा शेरा सगळीकडे एकच: 'सायबांना नवीन सुचलं.'